किलोच्या वर अकोला

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर आईवडिलांचं नाव घ्यावं अशी रीत आहे. मी जुलेखाआपांचं नाव घेतो. एकदा आईसमोरच हे बोलून गेलो आणि मग जीभ चावली. आई भाकरी थापत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "खरंच हाये ते. आमी तुले जलम देला. मंगरुळात टिकवलं आपानं."

आम्ही आसेगावचे. घरात सातवीच्या पुढं कोणी शिकलेलं नव्हतं. बाबांची थोडी शेती, सोयाबीन आणि त्यात तूर. दहावीला मला चांगले गुण पडले आणि मी विज्ञान घेतलं. मंगरुळपीरच्या कॉलेजात रोज एस.टी.नं जायचो, पण गाडी कधी वेळेवर यायची, कधी यायचीच नाही, आणि प्रात्यक्षिकाचा तास तेवढा नेमका बुडायचा. शेवटी आई मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला, कांचनला घेऊन मंगरुळपीरला खोली करून राहायला आली. बाबा शेतीपाशी आसेगावला. एका शेतावर दोन चुली पेटायला लागल्या.

खोलीचं भाडं कमी होण्यासारखं नव्हतं, फीही कमी होणारी नव्हती. आटोक्यात आणता येईल असा खर्च एकच, किराणा. तो जमला तर माझी पदवी होईपर्यंत मंगरुळात राहायचं, नाही जमला तर सामान गुंडाळून परत आसेगाव, आणि कॉलेज बंद. हे आईबाबांनी माझ्यासमोर ठरवलं होतं. त्यात रागाचं काही नव्हतं. जे होतं ते असं होतं.

आमची खोली आपांच्या घरातली. आपांचे यजमान हमीदचाचा पिंजारी. पुढच्या मोठ्या खोलीत त्यांचा कापूस, गाद्यांच्या खोळी आणि कापूस तोलायचा काटा. चाचा दिवसभर कापूस मोकळा करायचे आणि गप्प असायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "घरात बोलनारं एक मानूस पुरे." ते एक माणूस म्हणजे आपा. उंच, रुंद हाडाच्या, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला, आणि आवाज असा की त्या दारात उभं राहून बोलल्या तरी गल्लीच्या दोन्ही टोकांना घरातच असल्यासारख्या वाटायच्या.

कुठल्याही वस्तूची किंमत त्यांना किलोनं लागायची. शेजारची विमलबाई नवा अत्तरी साबण दाखवायला आली की आपा साबण हातात तोलून विचारायच्या, "किलोनं काय पडला?" विमलबाई म्हणायची, "आपा, साबन काय किलोनं इकते का?" "इकत नसन. पन पडते तं किलोनंच." एकदा मी फिजिक्सचं नवं पुस्तक आणलं. आपांनी तेही तळहातावर तोललं, मागची किंमत वाचली आणि म्हणाल्या, "बाप्पा! इतक्यात तं बदाम येते. वाच बापू, पान पान वाच. एक बी पान वाया जाऊ देऊ नको."

तांदूळ घेताना त्या चार दाणे दाताखाली फोडून बघायच्या. तेलाच्या पिप्याचं झाकण उघडलं की आधी नाक न्यायच्या. रंगीत वेष्टनावर त्यांचा विशेष राग. "पाकीट खायचं नसते, माल खायचा असते," असं म्हणून त्या पाकीट उलटं करायच्या आणि बारीक अक्षरातलं वजन बघायच्या. पाकीट पहिल्याइतकंच मोठं आणि आतला माल कमी झालेला असला की त्यांचा चेहरा असा व्हायचा जसं काही कोणी त्यांच्या घरात शिरून ताटातली भाकरी उचलली.

एस.टी.त बायकांचं तिकीट अर्धं झालं तेव्हा आपांनी पहिला विचार माहेरी जाण्याचा केला नाही, अकोल्याचा केला. अकोल्याला स्वस्त मालाचं मोठं दुकान होतं. सगळे त्याला मॉल म्हणायचे. एक तर अर्ध्या तिकिटात तिथं जाता येत होतं. दुसरं, मंगरुळहून रोज पहाटे भाजीपाला घेऊन जाणारा एक छोटा हत्ती टेम्पो दुपारी रिकामा परत यायचा. आपांनी त्याच्या ड्रायव्हरला गाठलं. "रिकामी गाडी आनतं, तुले लाज नाई वाटत का? आमचा माल टाक. डिझेल तं तू जाळूनच राह्यला." ड्रायव्हर हसला आणि थोडक्या भाड्यात कबूल झाला. अशी गल्लीतल्या आठ-दहा घरांची महिन्यातून एक खेप सुरू झाली. त्यात माझी आईही होती.

पहिल्या खेपेची गोष्ट आईनं आम्हाला इतक्या वेळा सांगितली आहे की मी तिथं होतो असंच मला वाटतं. मॉलच्या दारात आपांनी सगळ्या बायकांना ओळीनं उभं केलं.

"पोटभर जेवल्या का सगळ्या?"

"जेवलो आपा."

"विमल, तू?"

"मी चहा घेतला."

"मंग तू आदी बाहेर समोसा खाऊन ये. उपाशी बाई मॉलात गेली तं बिस्किटाचं दुकान घेऊन येते."

विमलबाई समोसा खाऊन आली. तोवर दारावरचा माणूस ट्रॉली पुढं ढकलत होता. "घ्या ना मॅडम, फ्री हाय."

"फ्री हाय म्हनूनच नको, बाबा. रिकामी गाडी हाती आली का बाई भरत सुटते. आमी पिशवीवाल्या."

आत गेल्यावर त्यांनी बायकांना दाखवलं की महाग माल डोळ्यांसमोरच्या फळीवर असतो आणि स्वस्त माल पायाशी. "वाका," त्या म्हणाल्या. "नमाजले वाकतो, देवापुढं वाकता, डाळीपुढं वाकाले काय जाते?" माझी आई तेव्हापासून कुठल्याही दुकानात शिरली की आधी खाली बघते.

पण आपांचाही अंदाज एकदा सपशेल चुकला, आणि तो प्रसंग मला सगळ्यात जास्त आवडतो. एका उन्हाळ्यात मॉलात धुण्याच्या पावडरीच्या मोठ्या थैलीवर एक जांभळी बादली फुकट होती. आपांनी पावडरीचा किलोचा भाव काढला, बादलीची किंमत वजा केली आणि हुकूम सोडला, सगळ्यांनी घ्या. छोटा हत्ती गल्लीत आला तो जांभळ्या बादल्यांची उतरंड घेऊन. त्या दिवशी सगळ्या खूश. चार दिवसांनी नळ आला.

आमच्याकडं उन्हाळ्यात नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी बायका आदल्या संध्याकाळपासून बादल्यांची ओळ लावतात आणि आपापल्या कामाला जातात. बादली हाच नंबर. त्या दिवशी ओळीत एकीला लागून एक जांभळी बादली. पाणी आलं, बायका धावल्या, आणि मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही.

"ही माही!"

"तुही कशी व? मी कड्याले खरचटा पाडला होता, पाह्य!"

"खरचटा तं सगळ्यायच्याच कड्याले हाये!"

पाणी वाहून चाललं होतं आणि बादल्या हातोहात खेचल्या जात होत्या. विमलबाई भरलेल्या बादलीवर चक्क बसली. "आता उठव मले कोनी," ती म्हणाली, आणि बादलीचा तळ तडकून सगळं पाणी तिच्या लुगड्यात गेलं. आपा हे सगळं दारातून बघत होत्या. आत गेल्या, हमीदचाचांच्या गादी शिवायच्या रंगीत दोऱ्यांची पेटी घेऊन आल्या, आणि प्रत्येक बादलीच्या कड्याला वेगळ्या रंगाची गाठ मारली. विमलबाईला स्वतःची बादली दिली. हमीदचाचा तेव्हा त्या महिन्यातलं पहिलं वाक्य बोलले: "फुकटची बादली किलोनं काय पडली, जुलेखा?" 

माल आला की वाटप व्हायचं ते पुढच्या खोलीत. कापूस एका बाजूला सारून चादर पसरायची, साखरेचा कट्टा, गव्हाचं पोतं, तेलाचे पिपे मध्ये. काटा चाचांचा. वाटणारीनं आपला वाटा शेवटी उचलायचा, हा आपांचा नियम. वाटणाऱ्या बहुतेक वेळा आपाच, त्यामुळं तळाचा चुरा, सांडलंलवंडलं त्यांच्या वाट्याला. कोणी हरकत घेतली तर म्हणायच्या, "मले चुऱ्याचा भात आवडते." मला नाही वाटत चुऱ्याचा भात कोणाला आवडत असेल.

एकदा अशाच वाटपात त्यांनी आईच्या वाट्यातली तुरीची डाळ उचलून पाहिली.

"शोभाबाई, तुमच्या घरी तूर होते ना?"

"होते."

"काय करता?"

"बाजार समितीत इकतो."

"अन् मॉलातून डाळ घेता." आपांनी डाळ परत ठेवली. "घरची तूर तिथं सस्ती देता, तिचीच डाळ इथं महाग घेता. मधात कोन खाऊन राह्यलं, तुमी का आमी?"

त्या शनिवारी बाबा आले तेव्हा आपांनी त्यांनाच विचारलं. बाबा संकोची माणूस. त्यांना वाटलं, बाई आपल्याला अडाणी म्हणून राहिली. पण आपा म्हणाल्या, "दादा, तुमच्या तुरीचा एक कट्टा गावातल्या छोट्या डाळ मिलीतून काढून आना. पाहू तं खरं." बाबांनी आणली. डाळ, चुरी, भुसा, भरडाई, सगळा हिशेब चादरीवर झाला. ती डाळ मॉलपेक्षा स्वस्तही पडली आणि शिजायलाही बरी निघाली. मग ठरलंच. गल्लीची डाळ आमच्या शेतातली, आणि तिच्या मोबदल्यात आमच्या घरचं तेल, साखर, गहू. आईला दर महिन्याला रोख मोजावे लागणारे पैसे एकदम कमी झाले.

बाबा त्यानंतर शनिवारी आले की मागच्या दारानं न येता पुढच्या खोलीतून यायला लागले. चादरीवर त्यांच्या डाळीचा ढीग असायचा आणि बायका म्हणायच्या, "दादा, या टायमाची डाळ लय झ्याक हाये बरं." भाडेकरूचा नवरा होते ते आता माल देणारे झाले. माझं कॉलेज त्या डाळीवर चाललं, असं मी मानतो.

आता शफीमामूंबद्दल सांगायला पाहिजे. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं ते आपांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं. आपांनी अकोल्याची खेप सुरू केली ती भावाच्या गिऱ्हाइकांना घेऊनच. सुरुवातीला मामू हसण्यावारी न्यायचे. पण त्यांच्या दुकानातली तेलाच्या पिप्यांची थप्पी उंचच राहायला लागली तसं हसणं कमी झालं. गल्लीतली बाई समोरून गेली की ते तराजू पुसत बसायचे.

अकोल्याच्या बाहेर रस्त्यावर गोदामासारखं एक आणखी मोठं दुकान होतं. तिथं सगळं ठोकाचं आणि मॉलपेक्षाही स्वस्त, पण आत फक्त दुकानदारांना सोडायचे, तेही त्यांचं कार्ड असेल तर. आपांच्या ओळखीत कार्ड निघू शकेल असा दुकानदार एकच. त्यांनी सरळ जाऊन मागितलं. बहीण-भाऊ आपसात त्यांच्या घरच्या हिंदीत बोलायचे.

"मेरे गिराइक बी तू ले जाती," मामू म्हणाले, "और कार्ड बी मेराच मांगती?"

आपा तशाच परत आल्या. त्या महिन्यात अकोल्याची खेप झाली नाही. पुढच्याही महिन्यात नाही. बायकांनी विचारलं तर म्हणाल्या, "गुडघा दुखून राह्यला." गल्ली पुन्हा शफीमामूंकडून किराणा घ्यायला लागली. आमच्या घरी तेलाची बरणी तिरपी व्हायला लागली. डाळ होती, पण नुसती डाळ शिजवून घर चालत नाही.

त्याच सुमारास ईद आली. ईदेच्या दिवशी नमाज झाली की मामू आधी मोठ्या बहिणीच्या घरी यायचे, शीरखुर्मा पिऊन मगच स्वतःच्या घरी जायचे. त्या वर्षी आले नाहीत. आपांनी वाटी झाकून ठेवली. दुपार झाली, संध्याकाळ झाली. आम्हाला, विमलबाईला, ज्याला त्याला शीरखुर्मा देऊन झाला. ती एक वाटी तशीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बाबांशी फोनवर बोलत होती. आमच्या आणि आपांच्या खोलीतली भिंत वरपर्यंत नव्हती, सगळं ऐकू जायचं. "यंदा नाई जमत," आई म्हणाली. "पोराची परीक्षा झाली का आमी येतो तिकडंच. पुढचं वर्ष राहू द्या. नाव काढून घेऊ." मी पुस्तकासमोर बसलो होतो. शेवटचं वर्ष तेवढं राहिलं होतं. पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

थोड्या वेळानं आईनं मला चहापत्ती आणायला पाठवलं. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. माझ्या मागोमाग आपा आल्या, हातात झाकलेली वाटी. ती त्यांनी मामूंच्या समोर ठेवली आणि स्वतः पायरीवर बसल्या.

"खा."

"बाद में खाता."

"ईद तो बासी हो गई. शीरखुर्मा तो मत कर बासी."

मामूंनी वाटीकडं पाहिलं. "सिवय्या मॉल की होगी. सस्तीवाली."

"तेरीच दुकान की है. देख, आधी टूटेली है. दूसरे किसकी रहेगी?"

गिऱ्हाइकं हसली. मामूंनाही ओठ दाबावे लागले. त्यांनी चमचा उचलला. आपा त्यांचं खाणं संपेपर्यंत थांबल्या, मग म्हणाल्या, "शफी, एक बात बता. मॉल कितना बी सस्ता दिया, तो बी क्या नै दे सकता?"

हा प्रश्न मामूंच्या मनात खूप दिवस तयार असला पाहिजे, कारण उत्तर एका दमात आलं. "रात कू बच्चे कू बुखार आया तो साबूदाना नै देता. पाव किलो नै देता. दस रुपये का तेल नै देता. कल दे देना, ऐसा नै बोलता. घर में मय्यत हुई तो दरवाजे पे शक्कर नै भेजता."

"बस," आपा म्हणाल्या. "जो मॉल नै दे सकता वो तेरा. बाकी जाने दे."

मग त्या आमच्याकडं वळल्या आणि मराठीत, गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐकलं का? आजपासून किलोच्या वर अकोला, किलोच्या खाली शफी. जिरं, हळद, चहापत्ती, माचिस, पोह्याचं पाकीट, सगळं इथून. जे बाई मॉलातून पावशेर माल आनीन तिची पिशवी माह्या गाडीत बसनार नाई. शफीच्या पोटावर पाय देऊन मले गल्ली नाई जगवाची. अन् गल्लीच्या पोटावर पाय देऊन शफी बी नाई."

मामूंनी मला चहापत्ती तोलून दिली. आपांनी कार्डाचं नावही काढलं नाही. वाटी घेऊन निघून गेल्या.

दोन-तीन दिवसांनी पहाटेच छोटा हत्ती गल्लीत येऊन उभा राहिला. आपा बाहेर आल्या तर ड्रायव्हरच्या शेजारी शफीमामू बसलेले, खिशात कार्ड. "मेरे कू बी माल लाना है," ते समोर बघत म्हणाले. आपा त्याच गाडीत चढल्या. अकोल्यापर्यंत आणि परत ते बहिणीशी एक शब्द बोलले नाहीत, असं ड्रायव्हरनं सांगितलं. पण गोदामाच्या दारात आपांच्या मागं ते कार्ड धरून उभे होते. आणि परतीच्या गाडीत त्यांच्या दुकानाचाही माल होता, भाड्याचा त्यांचा भाग वेगळा मोजून.

शफीमामूंचं दुकान त्यानंतर वाढलं असं मी म्हणणार नाही. पोत्यांची थप्पी गेली ती गेलीच. बरण्या वाढल्या, पुड्या वाढल्या. पण शटर रोज वर जात राहिलं. नियम मोडणाऱ्याही निघाल्या. विमलबाईच्या पिशवीतून एकदा मॉलची मसाल्याची पुडी पडली तेव्हा आपांनी ती उचलून, सगळ्यांसमोर किलोचा भाव विचारून, परत तिच्याच हातात दिली. "हे घे. अन् शफीच्या दुकानासमोरून पदर तोंडावर घेऊन जा." विमलबाई आठवडाभर मागच्या गल्लीनं जायची.

आमचं सामान बांधायचं थांबलं. मी शेवटच्या वर्षाला बसलो.

त्या वर्षात कधीतरी वाटप चालू असताना आईच्या लक्षात आलं की चादरीवर एक ढीग कमी आहे. तिनं पुन्हा पाहिलं. "आपा, तुमचा वाटा?"

"मी नाई घेत आता."

"कधीपासून?"

"शफी गाडीत बसला तवापासून. मी सगळं त्याच्याकडूनच आनतो. तेल बी, साखर बी."

"अन् आमाले सस्तं लावून देता, अन् तुमी महाग खाता?"

आपा साखर तोलत होत्या. काटा स्थिर होऊ दिला. "शोभाबाई, मी शफीची बहीन आदी. मंग तुमची आपा. तो मले सूट देतो म्हनते. मी घेत नाई. मंग त्याले राग येते. मंग तो मले शिव्या देते. बोलते तं खरं."

आईनं हे मला सांगितलं तेव्हा ती रडली. तिचं म्हणणं एवढंच होतं की ज्या बाईनं आठ-दहा घरांचा खर्च उतरवला तिनं स्वतःचा चढवून घेतला, आणि गाडी तरी दर महिन्याला पाठवलीच.

मला पदवी मिळाली. पुसदला एका शाळेत प्रयोगशाळा सहायकाची नोकरी लागली. कांचनला अमरावतीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. आईनं खोली सोडली आणि ती आसेगावला परत गेली. मी पुसदला निघालो त्या दिवशी मंगरुळच्या बसस्टँडवर आपा शेवटच्या दिसल्या. अकोल्याची गाडी लागायची होती आणि त्या आपल्या बायकांना घेऊन उभ्या होत्या. मला खिडकीत पाहिलं तशा आल्या आणि बसच्या पत्र्यावर थाप मारली.

"निंगाला?"

"हो आपा. पोचल्यावर फोन करतो."

"फोन नको करू. फोन इकडून तिकडं उडून जाते. कागद धाड."

"तुम्ही वाचाल?"

"मले मराठी कुठं वाचता येते? मी तं उर्दूत चौथी. शफी वाचीन. दोन कागद धाडले तं दोनदा दुकानात बसाले भेटते."

तेवढ्यात अकोल्याची गाडी आली. आपा वळल्या, दोन्ही हात पसरून बायकांना पुढं ढकलायला लागल्या. माझी बस सुटली तेव्हा त्या कंडक्टरला काहीतरी ऐकवत होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. त्यांना वेळ नव्हता.

मागच्या आठवड्यात मी त्यांना पत्र पाठवलं. ते असं:

पुसद

आदरणीय जुलेखाआपा यांना आणि पत्र वाचणाऱ्या शफीमामूंना संतोषचा सलाम.

मी इथं बरा आहे. शाळेत काचेची भांडी धुणं, रसायनं लावून ठेवणं, मुलांना ॲसिडपासून लांब ठेवणं, अशी कामं असतात. कांचनचं कॉलेज सुरू झालं. हमीदचाचांना सांगा, तिच्या होस्टेलच्या गादीत कापूस कमी आणि चिंध्या जास्त आहेत. ती त्यांची आठवण काढते.

आपा, आमची खोली तुम्ही अजून कोणाला दिली नसेल तर कृपा करून थोडं थांबा. आसेगावच्या सुनंदाकाकू येत्या सोमवारी बाबांसोबत तुम्हाला भेटायला येतील. त्यांची मुलगी यंदा दहावी झाली. तिला विज्ञान घ्यायचं आहे. एस.टी.नं ये-जा करून ते होत नाही हे मला माहीत आहे. काकूंचे यजमान दुसऱ्यांचा ट्रॅक्टर चालवतात. त्यांच्याकडं आमच्यासारखी तूर नाही. काकू कमी बोलतात. पहिल्या दिवशी त्यांना नियम सांगू नका, आधी चहा द्या.

मामू, इथून पुढं मोठ्यानं वाचू नका. दुकानात गिऱ्हाईक असेल. आपांच्या कानाशी जाऊन वाचा.

काकूंचा गाडीतला वाटा वर्षभर माझ्याकडून. बाबा दर महिन्याला आणून देतील. काकू असे पैसे घेणार नाहीत, म्हणून त्यांना सांगा की गल्लीत नवं घर आलं की पहिल्या वर्षीचा त्याचा वाटा बाकीच्यांनी भरायचा, ही इथली रीत आहे. अशी रीत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही म्हणाल तर विमलबाईसुद्धा शपथेवर सांगेल की ती आहे.

आणि जी पावशेरीची उधारी होईल, तिच्याबद्दल मामू, तुम्ही काकूंना ‘कल दे देना’ म्हणत राहा. मी दिवाळीला येईन तेव्हा बघू.

मामू, आता मोठ्यानं वाचा. मुलीचं नाव रेवती आहे. ती पहिल्यांदा घर सोडून येते आहे. तिला खिडकीकडची जागा द्या, तिथं सकाळी उजेड चांगला येतो.

तुमचा,
संतोष